माका कित्याक?

आत्ये,

तू फोनवर विचारलंस, "झाडाक काय लागला?" मी म्हटलं, चिकार लागलंय. "मगे बरा," म्हणालीस आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी बाळंतपणाची गोष्ट सुरू केलीस. चिकार लागण्यात बरं काय नि वाईट काय, हे सांगायला जागाच ठेवली नाहीस. म्हणून लिहिते आहे. तेही चारचौघांत, छापायला. घरात सांगितलेलं तू कानाआड करतेस. छापलेलं मात्र तुला खरं वाटतं, मग ते पंचांगातलं असो की मलमाच्या डबीवरचं.

तर आधी झाड. मी पहिल्यांदा प्लम म्हटलं तेव्हा तू कुडाळच्या बाजारातून एक आणवून चाखलास आणि निकाल दिलास, 'पाणचट, रातांब्याची सर नाय.' अगं, तो हा नव्हे. तुमच्याकडे पावसाच्या तोंडावर येतात ते गोल, लालभडक प्लम हिमाचलातले. त्यांना जपानी म्हणतात, पण त्यांचं मूळ चीनमधलं. माझ्या दारातला युरोपातला. जरा लांबोडा, एका अंगाने गुलाबी-तांबूस, दुसऱ्या अंगाने पिवळट, आणि वरून पांढुरकी पूड. ती पूड मेणाची असते, तिच्यामुळे फळ टिकतं. ती पुसू नये हे मला माहीत आहे, तरी फळ हातात आलं की अंगठा फिरतोच. साल आंबट, गर गोड. पूर्ण पिकला की बी अलगद सुटते.

जातीचं नाव व्हिक्टोरिया. ससेक्समधल्या एका गावात आपोआप उगवलेलं झाड सापडलं, आणि १८४४ च्या सुमारास लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या डेन्यर नावाच्या रोपवाटिकेवाल्याने ते विकायला काढलं. गादीवर राणी व्हिक्टोरिया होती, म्हणून तिचं नाव. हे तुला सांगितलं तेव्हा काय म्हणालीस, आठवतं? "आमच्याच पैशानी लावलेला आसतला."

आणि तुझा पुढचा प्रश्न, जो मला इथल्या कुणीही विचारला नसता: "नर की मादी?" बरोबर आहे तुझं. रातांब्याची बी रुजवायची, वर्षानुवर्षं पाणी घालायचं, आणि मग फुलावर आल्यावर कळायचं की निम्मी झाडं नर निघाली. नर झाडाला फळ नाही. घरामागच्या त्या दोन झाडांना तू किती शिव्या घातल्यास आणि तरी तोडू दिली नाहीस. पुढे दापोलीच्या विद्यापीठाने मादी झाडांची कलमं काढली तेव्हा 'ह्या आधी सुचाक नाय?' असं तू थेट कृषी सहायकालाच विचारलं होतंस.

इथे तो घोळ नाही. प्लमच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. तरी पुष्कळ जातींना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. जवळपास दुसऱ्या जातीचं झाड हवंच. व्हिक्टोरियाला नको. ती एकटी फुलते, एकटी धरते.

हे ऐकून तू फोनवर थोडा वेळ काहीच बोलली नाहीस. मग मी पावसाबद्दल विचारलं.

झाड माझ्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट. शिडीवरून शेंड्याला हात पोचतो. हे सगळं खुंटावर ठरतं. वरची फांदी व्हिक्टोरियाची, खालचा मूळखुंट 'सेंट ज्युलियन ए' नावाचा. त्याच्यावर बांधलेलं कलम फार माजत नाही आणि तीन-चार वर्षांत फळाला येतं. आणखी बुटकं हवं असेल तर 'पिक्सी' नावाचा खुंट असतो, पण त्याला जमीन कसदार लागते. आमची जमीन चिकट माती. हिवाळ्यात बुटाचा तळवा ओढून घेते. प्लमला मात्र ती मानवते, पाणी साचून राहिलं नाही म्हणजे झालं.

एप्रिल लागताना पानं फुटायच्या आधी झाड पांढरं होतं. त्या दिवसांत मी तुझ्याइतकीच आभाळाकडे बघत असते. तू रातांबे वाळायला घातलेस की पावसाकडे डोळे लावून बसतेस. मी थंडीकडे. दिवसा ऊन पडतं, मधमाश्या येतात, वाटतं झालं, आणि रात्री एकदा पारा शून्याखाली उतरला की सकाळी फुलाच्या मधोमध काळा ठिपका. तो दिसला की त्या फुलाचं फळ गेलं. गेल्या वर्षी तसंच झालं, सगळा बहर गेला. म्हणूनच यंदा झाडाने वचपा काढल्यागत धरलं. फांदीवर बोट ठेवायला जागा नाही इतकं.

आणि इथेच तुझं-माझं भांडण.

जूनमध्ये काही फळं झाड स्वतःच गाळतं. त्यानंतर उरलेल्यांतली निम्मीशिम्मी आपण हाताने खुडायची. सुपारीएवढी, हिरवीगार, टणक फळं. दोन फळांत तीन-चार बोटांचं अंतर राहील इतकी विरळ करायची. मी हे सांगितलं तर तू केवढी चिडलीस! "धरलेला फळ खुडतंस? पाप लागात." मी टोपलीभर खुडली आणि खतात टाकली. त्यांचं लोणचंसुद्धा होत नाही, इतकी ती तुरट असतात.

पाप नाही, आत्ये. हिशेब आहे. सगळी ठेवली तर सगळी बारकी राहतात आणि चव कशालाच येत नाही. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच उन्हाळ्यात घडतात. झाडाने सगळं बळ यंदाच्या फळांत ओतलं तर डोळे घडत नाहीत आणि पुढचं वर्ष कोरडं जातं. शिवाय प्लमचं लाकूड ठिसूळ. व्हिक्टोरिया तर याबाबतीत बदनाम आहे. तिला थांबायचं कळत नाही. ऑगस्टमध्ये फळात पाणी भरलं, वारा सुटला, की फांदी बुंध्यापासून सोलवटून खाली येते, फळांसकट. शेजारच्या आजोबांच्या झाडाची तशी गेली. सकाळी ते तिच्याजवळ उभे होते आणि मला म्हणाले, "फार झालं होतं तिला." आजारी माणसाबद्दल बोलावं तसं.

फांदी मोडल्याचं दुःख एकवेळ परवडलं, पण त्या जखमेतून बुरशी शिरते. सिल्व्हर लीफ म्हणतात तिला. पानांवर रुपेरी झाक येते, दिसायला मोठी सुंदर, आणि फांद्या एकेक करून मरतात. या बुरशीचे बीजाणू ओल्या थंडीच्या दिवसांत जास्त उडतात, म्हणून प्लमची छाटणी हिवाळ्यात करायची नाही. सफरचंदाची करतात, प्लमची नाही. प्लम उन्हाळ्यात छाटायचा, झाड जोमात असतं आणि जखम लवकर भरते. आजोबांनी हे मला झाड लावायच्या आधीच बजावलं होतं, दोनदा, कारण परक्या देशातल्या बाईला एकदा सांगून कळत नाही असं त्यांना वाटत असावं.

तर मी विरळणी केली आणि तरीही यंदा फांद्या वाकल्याच. मग टेकू दिले. बेचक्याच्या काठ्या आणल्या, बेचक्यात चिंध्या गुंडाळल्या, साल खरचटू नये म्हणून. चिंध्या कसल्या, सांगू? तू मला दिलेल्या सुती साडीच्या. ती विरली होती, ओरडू नकोस. झाडाखाली उभी राहून एकेक फांदी खांद्याने वर उचलायची आणि खाली काठी सरकवायची. वजन खांद्यावरून काठीवर गेलेलं कळतं.

टेकू देताना झाड काही बोलत नाही, एवढं त्याचं बरं आहे. 'माका कित्याक' म्हणत नाही.

असो. फळांकडे येते.

ऑगस्टच्या शेवटाला पिकायला लागतात, पण सगळी एकदम नाही. उन्हाच्या बाजूची आधी, आतली नंतर. त्यामुळे चार-पाच दिवसांनी पुन्हा पुन्हा उतरवावी लागतात. देठाजवळ अंगठ्याने किंचित दाबायचं. दबलं की घ्यायचं. एक दिवस उशीर झाला की गांधीलमाश्या आधी पोचतात. अर्धा प्लम बाहेरून शाबूत दिसतो आणि आत एक माशी गर खात बसलेली असते, म्हणून हात घालण्याआधी फळ फिरवून बघायचं. काहींच्या आत गुलाबी अळी निघते. मे महिन्यात सापळा टांगून नर पतंग पकडले तर ती कमी होते, संपत नाही. काही फळं झाडावरच तपकिरी होऊन सुकतात. ती मात्र एकूण एक काढून टाकायची, नाहीतर त्यांच्यातूनच पुढच्या वर्षी कूज पसरते. तू सुपारीच्या बागेत पडलेली फळं वेचून लांब नेऊन टाकायचीस, त्यातलंच हे.

एवढं करून घरात पंचवीस-तीस किलो फळ येतं. आणि आता तुझी खरी गंमत ऐक. वाटायला जावं तर घेणारा कुणी नाही!

मी राहते ते वुस्टरशायर. इथलं पर्शोर हे गाव प्लमसाठीच ओळखलं जातं. एकोणिसाव्या शतकात जवळच्या टिडस्ली वूड नावाच्या रानात एक पिवळं, अंड्याच्या घाटाचं फळ सापडलं, पर्शोर यलो एग. त्याला कलमसुद्धा लागत नाही, मुळाशी फुटवे येतात ते खणून लावले की झालं. खायला यथातथा, पण जॅमला उत्तम. मग या सगळ्या खोऱ्यात प्लमच्या बागा झाल्या. आता त्यातल्या बऱ्याच गेल्या, पण पर्शोरला ऑगस्टमध्ये प्लमची जत्रा अजून भरते आणि इथले जुने लोक प्लमची दारूही काढतात, जर्कम नावाची. तेव्हा कल्पना कर. ज्या आठवड्यात माझं झाड पिकतं त्याच आठवड्यात अख्ख्या गावाची पिकतात. जो तो दुसऱ्याच्या दारात पिशवी ठेवून पळतो. फाटकाबाहेर खोकी मांडलेली असतात, 'घेऊन जा' अशी पाटी लावलेली, आणि येणारे-जाणारे नजर चुकवून जातात, कारण त्यांच्याही घरी तेच पडलेलं असतं. तू असतीस तर नाक्यावर उभी राहिली असतीस आणि बस अडवून वाटले असतेस.

१९४० च्या उन्हाळ्यात, ऐन महायुद्धात, इंग्लंडात प्लम असेच उतू गेले. बाहेरून येणाऱ्या बोटी बुडत होत्या, साखरेवर रेशन, आणि झाडाखाली फळ कुजतंय. तेव्हा विमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायकांनी, म्हणजे आपल्याकडच्या महिला मंडळांसारख्याच, सरकारकडून साखर मागून घेतली. गावोगावच्या सभागृहांत, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या स्वयंपाकघरात चुली लावल्या आणि एका मोसमात १,६०० टनांहून जास्त जॅम आणि मुरंबे करून ठेवले. हे वाचताना मला आपलं खळं दिसत होतं. अशा वेळी तू कुठे असतीस ते वेगळं सांगायला नको. पण त्या बायकांची एक गोष्ट मला तुला मुद्दाम सांगायची आहे. त्यांनी आधी मागितलं. साखर द्या, मग करतो. मागायला त्यांना लाज वाटली नाही.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे 'बाय फळं नासवता' असं तू गावभर सांगणार नाहीस.

आधी जॅम. फळाइतकी साखर, आणि त्यात थोडी करकरीत फळं मुद्दाम घालायची, त्यांच्यात पेक्टिन जास्त. थंड बशीवर थेंब टाकायचा, बोटाने सरकवायचा, सुरकुती पडली की झाला. बिया वर तरंगतात, त्या झाऱ्याने काढायच्या. मग माझ्याबरोबर फार्मसीत काम करणारी एक पोलंडची मुलगी आहे, तिने तिच्या आजीचं पोविद्वा शिकवलं. त्यात साखर नाहीच. प्लम मंद आचेवर ढवळत राहायचे, रात्री बंद करायचं, सकाळी पुन्हा लावायचं, असं दोन-तीन दिवस. शेवटी काळाभोर, दाट गोळा होतो आणि चमचा उभा राहतो. तिच्या आजीचंही म्हणणं, की ढवळताना बोलायचं नाही. तुझं आणि तिचं जमलं असतं.

किंचित कच्च्या फळांचा मेथांबा केला. मेथी, गूळ, तिखट, तुझ्याच प्रमाणाने, म्हणजे प्रमाण नाहीच, 'हाताक कळता.' बरा झाला. गणपतीत आंबाडे मिळत नाहीत, म्हणून ऋषिपंचमीला प्लमचं रायतं केलं. गूळ घालून शिजवले आणि ओलं खोबरं, मोहरी, सुकी मिरची वाटून लावली. आंबाड्याच्या रेषा चोखायची मजा त्यात नाही, पण मोहरी नाकात गेली तशी डोळ्यांत पाणी आलं आणि मुलांनी विचारलं, तुम्हा लोकांना रडवणारं जेवण का आवडतं.

गणपतीवरच्या माटवीला कवंडळ नाही, कांगणी नाही. मग प्लमचे डहाळे बांधले, रानातली सफरचंदं बांधली, काळ्या एल्डरबेरीचे घोस बांधले. गणपतीला काही वावडं नसावं. निदान तो 'माझ्यासाठी कशाला' असं म्हणाला नाही.

बघ, पुन्हा तिथेच आले. आता बोलून टाकते.

शेवटी मी सोलं केली, आत्ये. प्लमची सोलं. ज्या हातांनी ती आयुष्यभर केली त्या हातांना हे सांगायची जरा लाजच वाटते. प्लम उभे चिरले, बिया काढल्या, मीठ लावून ठेवले. सुटलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून ओव्हनमध्ये साठ-सत्तर अंशांवर रात्र-रात्र वाळवले. इथल्या सप्टेंबरच्या उन्हात रुमालही वाळत नाही, फळ कुठलं वाळणार? बियांचं काय केलंस, हे तू विचारणारच. काही नाही. प्लमच्या बीतून मुठेल निघत नाही, आणि आतला गर खायचा नसतो, त्यात विष तयार होतं. फेकल्या. टाचेच्या भेगांना अजून तुझीच वडी लावते.

सोलं रंगाला आली, पण काळीशार नाही, तांबूस. घरभर वास. बांगड्याच्या तिखल्यात घातली, तू पाठवलेली तिरफळं ठेचून घातली. रातांब्याचा तो करकरीत आंबटपणा नाही, मागून गोडवा येतो. खाता खाता मला आपल्या घरातली सोलं आठवली. कुठली, सांगू? तुटकी.

आपण घरात कायम तुटकी, काळवंडलेली, चुरा झालेली सोलं खाल्ली. अखंड, लुसलुशीत, तीन-चार पुटं दिलेली तू निवडून वेगळ्या फडक्यात बांधायचीस. ती कुडाळच्या दुकानात जायची. पडवीत बसून निवडताना तुझी बोटं जांभळी झालेली असायची आणि मी विचारलं की चांगली का विकतेस, तर म्हणायचीस, "आमका चवीक काय, चुरो पुरे." कोल्हापूरला माझ्या मेसचे पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत यायचे. वडलांचा पगार कधी व्हायचा हे मला माहीत होतं. पाच तारखेला तो झालेला नसायचा. मी काही विचारलं नाही. तूही काही सांगितलं नाहीस. आता आपल्या रातांब्याला, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारी कागदावर फळाचं नाव आहे, जिल्ह्यांची नावं आहेत. तुझी जांभळी बोटं कुठल्या रकान्यात लिहायची?

तू सगळ्यांना दिलंस. फणसाचे गरे, आगळाच्या बाटल्या, पहिल्या काढणीचा वानवळा, रात्री-अपरात्री कुणाच्या पोराला ताप आला तर स्वतःची झोप. वडलांना शिक्षण, काकांना बिऱ्हाड, आम्हा पोरांना आईच्या बरोबरीने आई. आणि कुणी काही द्यायला गेलं की 'माका कित्याक?' मी पहिल्या पगाराची साडी आणली, ती तू वहिनीला दिलीस. स्वेटर पाठवला, तो दुधवाल्याच्या अंगावर पाहिला. मिक्सर शेजारी गेला. इकडे ये म्हटलं तर पासपोर्टसाठी फोटो काढायचं पाच वर्षं पुढे ढकलते आहेस. 'घराक कोण बघतला?' घर गेली शंभर वर्षं उभं आहे, आत्ये. तीन महिने आणखी राहील.

तुला वाटतं, घेतलं की माणूस लहान होतो. असंच ना? मग आम्ही सगळे तुझ्याकडून जन्मभर घेत राहिलो, आम्ही किती लहान झालो असू? घेणाऱ्यालाही कधी तरी द्यावंसं वाटतं. ते तू आम्हाला करू दिलं नाहीस. तुझ्या एवढ्या दानशूरपणात हा एक कंजूषपणा आहे, आणि तो मला खुपतो.

आणि गेल्या श्रावणात तर कहर केलास. खळ्यात शेवाळावरून घसरलीस, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, आणि आठवड्यातून दोनदा माझ्याशी बोलून एका शब्दाने कळू दिलं नाहीस. मला समजलं ते प्लास्टर निघाल्यावर, तेही मुंबईच्या वहिनीकडून. तुला विचारलं तर "काय झाला नाय." त्याच दिवसांत तुझं पार्सल आलं होतं. आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ. दोरी मी अजून ठेवली आहे, कारण तिच्यावर दातांच्या खुणा आहेत. डावा हात आणि दात! कुणाला हाक मारायची नाही, कुणाला 'जरा धर' म्हणायचं नाही. पलीकडच्या घरात दोन तरणीताठी पोरं आहेत, ज्यांना तू लहानपणी अंगावर खेळवलंस. त्यांना दोरी ओढता आली नसती?

यंदा टेकू लावताना मी तुझ्यावर फार चिडले होते. झाडावर आवाज चढवता येत नाही, म्हणून आता तुझ्यावर चढवते आहे. फांदी मोडून पडली की लोक म्हणतात, काय फळ धरलं होतं! कौतुक करतात. मला तुझं तसलं कौतुक ऐकायचं नाही. मला तू हवी आहेस. दोन्ही मनगटांसकट.

रागावलीस? रागाव. तुझा राग मला चालतो, तुझं 'बरा आसा' मात्र चालत नाही.

आता कामाचं. दिवाळीला माझी एक मैत्रीण गोव्याला उतरणार आहे, ती सावंतवाडीची. तिच्याबरोबर दोन डबे येतील. मोठ्या डब्यात जॅम आणि मेथांबा आहे. त्यावर मी जाड अक्षरांत 'वाटायला' असं लिहिलंय. तो खुशाल वाट, बस अडवून वाट. दुसरा डबा लहान. त्यात सोलं आहेत. अखंड, निवडलेली, एकही तुटकं नाही. चुरा मी इथे ठेवून घेतला, माझ्या चवीला पुरे. त्या डब्यावर तुझं नाव आहे, आणि मैत्रिणीला सांगून ठेवलंय की तो तुझ्या हातात द्यायचा आणि तू एक तोंडात टाकेपर्यंत उठायचं नाही. ती वकील आहे, तिच्यापुढे तुझं काही चालणार नाही.

खाल्लंस की मला कसं लागलं ते कळव. मीठ जास्त झालंय का? पुटं कमी पडली का? आमटीत घालण्याच्या लायकीची आहेत का, की नुसती चघळायची? तुझ्याएवढं कळणारं दुसरं माणूस मला माहीत नाही, आणि इथे सगळे मेले 'लव्हली' म्हणतात. वाईट असतील तर वाईट म्हण. आवडली तर आणखी पाठव म्हण. पासपोर्टच्या फोटोचंही त्याच दिवशी कळव. पलीकडच्या पोरांना तालुक्याला घेऊन जायला मी सांगितलंय.

मागायला येत नाही, असं मात्र मला सांगू नकोस. माझ्या मेसचे पैसे पुरे पडावेत म्हणून किलोमागे दोन रुपयांसाठी त्या दुकानदाराशी तू कशी भांडायचीस ते मी फळीवर बसून ऐकलेलं आहे. चांगला खणखणीत आवाज आहे तुझा. तो एकदा स्वतःसाठी काढ.

तुझी,
बाय